सतरा क्रमांकाचा सांधा

आमच्या जिल्ह्यात प्रदर्शनाची अभिप्राय वही प्रदर्शनाच्या आधी भरून घेतात, आणि ती वाचूनच अनुदान मंजूर होतं. वस्तू नंतर बनतात. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात, म्हणून हल्ली मी त्यांना सांगायचं सोडून दिलं आहे. त्यांच्याकडे म्हणे आधी प्रदर्शन भरतं, मग माणसं येऊन बघतात आणि मग काय वाटलं ते लिहितात. अशाने अनुदान द्यायचं कशाच्या भरवशावर, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही.

माझं नाव प्रल्हाद खैरमोडे. जिल्हा कला अनुदान कक्षात मी एकवीस वर्षं वही फिरवतो. अर्ज आला की नव्या वहीवर कलाकाराचं नाव घालायचं, पिशवीत दोन पेनं टाकायची आणि पंधरा दिवस घरोघर जायचं. लोक दार उघडतात, पाणी देतात, वही मांडीवर घेतात आणि वस्तूचा क्रमांक टाकून अभिप्राय लिहितात. न पाहिलेल्या वस्तूबद्दल काय लिहू, असं मला एकवीस वर्षांत एकाच गृहस्थांनी विचारलं. ते बदली होऊन आले होते.

वही विभागीय कार्यालयात जाते. तिथे ती वाचतात आणि अनुदान मंजूर करतात. मग कलाकाराला नव्वद दिवस मिळतात, वहीतल्या अभिप्रायांना शोभतील अशा वस्तू बनवायला. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक अभिप्रायदात्याने आपापल्या वस्तूसमोर उभं राहायचं आणि मी विचारायचं, 'जुळतं का?' दोन अभिप्राय जुळले नाहीत तरी चालतं. तिसरा चुकला की अनुदान परत जातं, कलाकाराला पाच वर्षं अर्ज करता येत नाही आणि पुढच्या वेळचा हॉल पापड-लोणच्याच्या मेळाव्याला मिळतो.

वैजयंती वेदपाठक यांचा अर्ज जूनमध्ये आला. एकल प्रदर्शन. कलाप्रकाराच्या रकान्यात 'कलात्मक दागिने' असं लिहिलेलं, आणि साहित्याच्या रकान्यात सायकलचे स्पोक, कुकरच्या शिट्ट्या, बंद पडलेली मनगटी घड्याळं आणि एसटीची जुनी तिकिटं. वय चाळीस, पत्ता बसस्टँडच्या मागचा. बाई गावातल्याच. त्यांचे वडील दिगंबर वेदपाठक, म्हणजे अण्णा, यांचं सराफकट्ट्यावर डावीकडून तिसरं दुकान. बापलेक नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे गावाला ठाऊक होतं.

कारणही ठाऊक होतं. बाई लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून काम शिकल्या. पुढे पुण्याला गेल्या आणि तिथल्या एका प्रदर्शनात त्यांनी गळ्यात घालायची एक वस्तू मांडली. अण्णांची जुनी फुंकणी, म्हणजे दिव्याची ज्योत फुंकरीने सांध्यावर नेणारी पितळी नळी, तिच्या जोडीला एक चिमटा आणि छोटी हातोडी, सगळं काळ्या गोफात ओवलेलं. वर्तमानपत्रात फोटो आला. बाईंना वाटलं, अण्णांची छाती फुगेल. अण्णांना वाटलं, पोरीने आपली हत्यारं भंगारात काढली आणि वर जगाला दाखवली. "माझ्या दुकानाची पायरी चढू नको," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर दोघांनीही काही म्हटलं नाही. दोघंही हट्टी, असं लोक म्हणायचे. माझ्या मते दोघंही वाट बघत होते.

वही घेऊन मी अण्णांच्या दुकानात जायला नको होतं, असं काहीजण नंतर म्हणाले. पण यादीत सराफकट्टा होता. एक दुकान गाळायचं तर तसं कारण नोंदवावं लागतं, आणि 'बाप आहे' हे कारण नमुन्यात बसत नाही.

अण्णा बांगडीला सांधा देत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुणाची वही?"

"वैजयंती दिगंबर वेदपाठक," मी म्हणालो. "एकल प्रदर्शन."

त्यांनी ज्योत बारीक केली. हात पुसले, वही घेतली आणि आधीचे सोळा अभिप्राय एकेक करून वाचले. समोरच्या हॉटेलातून माझा चहा आला, पिऊन झाला, कप परत गेला. मग त्यांनी एक ओळ लिहिली, खाली सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"अण्णा, वस्तू अजून झालेली नाही बरं का," मी म्हणालो. माझं ते कर्तव्य आहे.

"ते मला कळतंय," अण्णा म्हणाले आणि ज्योत पुन्हा मोठी केली.

त्यांनी लिहिलं होतं: 'क्र. १७. सांधा कच्चा आहे. दुकानात घेऊन ये.'

अडतीस अभिप्राय झाले. विभागीय कार्यालयाने ते वाचले आणि अनुदान मंजूर केलं. मंजुरीचं पत्र आणि वहीची नक्कल बाईंना मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यालयात हजर. हातात नक्कल, चेहरा सगळा गोंधळलेला.

"खैरमोडे साहेब, हा सतरावा अभिप्राय खरा आहे?"

"वहीत आहे," मी म्हणालो.

"म्हणजे अण्णांनी स्वतः लिहिलंय?"

"सही आहे ना."

"पण सतरावी वस्तू मी अजून केलेली नाही."

"सोळावीही केलेली नाही," मी म्हणालो. कलाकारांना क्रम समजावून सांगावा लागतो.

त्या खुर्चीत बसल्या. ती ओळ त्यांनी बोटाने दोनदा वाचली. 'दुकानात घेऊन ये' या शब्दांवर बोट बराच वेळ थांबलं. मला भरून आलं, पण कार्यालयात बसलो होतो म्हणून मी खिडकी बंद केली.

"साहेब, अडचण अशी आहे," त्या म्हणाल्या, "की मला कच्चा सांधा करता येत नाही."

मला वाटलं बाई नम्रपणा करतायत. पण तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं की सात वर्षांच्या असताना अण्णांनी त्यांना दोन तारा जोडायला दिल्या होत्या. जोडून झालं की अण्णा दोन सांडशांत धरून ओढायचे. सुटला की परत. असं दोन वर्षं चाललं. एक दिवस सांधा सुटला नाही, शेजारची तार तुटली. त्या दिवशी अण्णांनी पोरीला दुकानाच्या पायरीवर बसवून भजी खायला घातली होती. तेव्हापासून त्यांचा एकही सांधा सुटलेला नव्हता. "डोकं एक सांगतं, हात ऐकत नाहीत," त्या म्हणाल्या.

"प्रयत्न करा," मी म्हणालो. "नव्वद दिवस आहेत."

बाकीच्या सदतीस अभिप्रायांचं काम झपाट्याने पुढे गेलं. निवृत्त कंडक्टर शेवाळे यांनी लिहिलं होतं, 'क्र. ९ चा आवाज ओळखीचा वाटला.' त्यांच्यासाठी बाईंनी तिकिटाच्या पंचांचे डूल केले, कानात हलले की टिकटिक करायचे. कुणी लिहिलं होतं, 'क्र. २६ घालून लग्नाला गेले तर वरमाई विचारेल कुठून घेतलं.' तो कुकरच्या शिट्ट्यांचा तन्मणी झाला. एकाने क्रमांक न टाकता लिहिलं होतं, 'हॉलमध्ये पंखा हवा होता.' म्हणून आम्ही हॉलचे चारही पंखे काढून ठेवले.

सतरा नंबर मात्र अडला. बाईंनी हासळी करायचं ठरवलं, गळ्याबरोबर बसणारी घट्ट गोल हासळी, स्पोक पिळून केलेली. मागच्या बाजूला एकच सांधा. एकच असला म्हणजे कोणता कच्चा यावर वाद नको. ही कल्पना मला आवडली. पहिली हासळी त्या पंधराव्या दिवशी घेऊन आल्या. आमचे शिपाई धोंडीराम यांनी एक बाजू धरली, मी दुसरी धरली आणि आम्ही ओढलं. स्पोक सरळ झाला. सांधा तसाच.

दुसरी त्यांनी डोळे मिटून जोडली. तिसरी डाव्या हाताने. चौथ्या वेळी मुद्दाम ज्योत कमी ठेवली, पण ऐन वेळी फुंकर आपोआप लांबली, असं त्या म्हणाल्या. पाचवी ओढताना धोंडीराम टेबलावर पडले आणि त्यांचा चष्मा गेला. त्यांनी चष्म्याची भरपाई मागितली, पण कच्च्या सांध्याच्या तपासणीत अपघात या बाबीची तरतूद नाही.

प्रकरण तांबोळी मॅडमपर्यंत गेलं, आणि मी बाईंना घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. तांबोळी मॅडम आमच्या कक्षप्रमुख. फार समजूतदार, फाईल पूर्ण वाचल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

"सांधा बाहेरून करून घेता येईल का?" त्यांनी विचारलं. "गावात कच्चं काम करणारे पुष्कळ आहेत."

"एकल प्रदर्शन आहे मॅडम," मी म्हणालो. "दुसऱ्याचा सांधा चालत नाही."

"बरोबर. मग पक्का सांधा कानशीने घासला तर?"

"तो घासलेला सांधा होईल," बाई म्हणाल्या. "अण्णांना लांबून कळेल."

मॅडमनी पुन्हा फाईल वाचली. मग चष्मा काढून विचारलं, "वैजयंतीताई, तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

 बाई एकदम बोलायला लागल्या. "मॅडम, मलाच समजत नाही. सांधा कच्चा निघाला तर अण्णा म्हणतील, पोरगी शिकवलेलं विसरली. म्हणजे नऊ वर्षांत माझ्याकडचं तेवढंही गेलं. आणि पक्का निघाला तर त्यांना 'दुकानात घेऊन ये' म्हणता यायचं नाही. मग ते वळतील आणि जातील. त्यांनी हे लिहिलं तरी का? मला बोलवायचंय म्हणून, का माझं काम कच्चंच असणार असं वाटतं म्हणून? मी रोज ती ओळ वाचते. एक दिवस एक वाटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं."

"थेट जाऊन विचारता येईल," मॅडम म्हणाल्या.

"पायरी चढायची नाही असं सांगितलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम चाळले. पायरीबद्दल त्यांत काहीच नव्हतं.

शेवटी बाईंनी आणखी एक उपाय केला. काळ्या गोफातली ती जुनी फुंकणी त्यांनी सोडवली. नळी आतून नऊ वर्षांच्या धुळीने भरलेली, तोंडाशी एक पोचा. अशा हत्याराने जोडलेला सांधा कच्चा राहणारच, असा त्यांचा हिशेब. त्यांनी फुंकणी नुसती झटकली, साफ केली नाही, आणि सहावी हासळी जोडली. एकोणनव्वदाव्या दिवशी ती आम्हाला दाखवली. मी आणि धोंडीराम यांनी ओढली. मग लेखा विभागाचे दोघं आले, त्यांनी ओढली. इतका पक्का सांधा मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

"आता वेळ नाही," बाई म्हणाल्या. "हीच मांडा."

प्रदर्शन चार दिवस चाललं. पंखे नसल्यामुळे गर्दी जास्त वेळ थांबत नव्हती, पण आली बरीच. शेवटच्या दिवशी सकाळी अकराला मी वही उघडली आणि जुळणी सुरू केली. शेवाळे डूल कानाशी धरून डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "जुळतं. विटा आगार." मी लिहून घेतलं.

दहा नंबरला पहिली अडचण आली. त्या अभिप्रायात लिहिलं होतं, 'हे माझ्या बहिणीला फार आवडेल.' बहीण साताऱ्याहून आली, बघितलं आणि म्हणाली, "मला नाही आवडलं." तिची समजूत घालून पाहिली. उपयोग झाला नाही. एक गेला.

बारा नंबरला मुख्याध्यापक गुरव सरांचा अभिप्राय होता, 'काही समजलं नाही.' मला वाटलं, हा तरी हमखास जुळेल. बंद घड्याळांच्या काट्यांचं पदक होतं ते. सर समोर उभे राहिले, त्यांनी मान तिरकी केली आणि मग हळूच म्हणाले, "थांबा. हे सगळे काटे वेगवेगळ्या वेळेला थांबलेत. म्हणजे ज्याचं त्याचं..."

"सर, चला पुढे," मी म्हणालो.

"नाही, थोडं थोडं येतंय लक्षात."

मी त्यांचा दंड धरला, पण उशीर झाला होता. सरांना समजलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्या वहीत दुसरी फुली. आता एकही चूक चालणार नव्हती.

अण्णा साडेबाराला आले. इस्त्रीचा सदरा, पायात नवीन चपला. हॉलमधले लोक बाजूला झाले. सतरा नंबरच्या टेबलापलीकडे बाई उभ्या होत्या, दोन्ही हात मागे. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, हासळी उचलली आणि सांधा डोळ्याजवळ नेला.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. पंखा नव्हता, सगळे घामाघूम. अण्णांनी सांधा नखाने वाजवला, मग कानाशी नेऊन पुन्हा वाजवला. हासळी दोन्ही मुठींत धरली आणि ओढली. मनगटाच्या शिरा वर आल्या. सांध्याने काहीही केलं नाही. मग ते सांध्याशेजारचा काळा डाग बघत राहिले, आणि तो बघताना त्यांचा अंगठा आपोआप ओठांपाशी गेला, फुंकणी धरतात तसा.

"फुंकणी साफ करायची असते आधी," ते हासळीला म्हणाले.

बाईंनी मागचे हात पुढे आणले. हातात फुंकणी होती. मी वही पुढे धरली.

"दिगंबर विठोबा वेदपाठक, अभिप्राय क्रमांक सतरा. 'सांधा कच्चा आहे. दुकानात घेऊन ये.' जुळतं का?"

चार माणसांनी ओढूनही न सुटलेला सांधा त्यांच्या हातात होता, आणि सराफकट्ट्यावर या माणसाने खोटं सांगितल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. सोनं खोटं निघालं म्हणून त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याचा कडदोरा परत केला होता. मी पेन फुलीच्या रकान्यावर नेलं.

"कच्चा आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, नाहीये..." बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या बाईचा तो आवाज नव्हता.

"कच्चा आहे म्हणतोय ना. तुला दिसायचा नाही. यांनाही दिसायचा नाही." मग पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं. "उद्या दुकानात घेऊन ये, वैजू. दहाच्या आत ये. नंतर गिऱ्हाईक असतं."

"येते," बाई म्हणाल्या.

माझी पंचाईत झाली. सांधा पक्का आहे हे मला माहीत होतं, माझ्या खांद्यालाही माहीत होतं, तो अजून दुखत होता. पण जुळणीचा नियम स्पष्ट आहे. सांध्याला विचारायचं नसतं, अभिप्रायदात्याला विचारायचं असतं. मी 'जुळला' असं लिहिलं आणि अण्णांची सही घेतली.

अनुदान कायम झालं. बाकीच्या वस्तू कलाकाराला परत गेल्या. सतरा क्रमांकाची हासळी दुरुस्तीसाठी सराफकट्ट्यावर डावीकडून तिसऱ्या दुकानात आहे, अशी नोंद आहे. दुरुस्त होऊन परत आल्याशिवाय फाईल बंद करता येत नाही, म्हणून मी तीन महिन्यांनी एक स्मरणपत्र पाठवलं. उत्तर आलं, 'काम चालू आहे.' सहा महिन्यांनी दुसरं पाठवलं. तेच उत्तर.

परवा मी स्वतः गेलो. दहाला पाच कमी होते. अण्णा ज्योतीसमोर बसले होते, आणि शेजारी बाई, तोंडात फुंकणी. हासळी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, तिच्यावर बारीक धूळ बसलेली. मी पायरीवर उभा राहून विचारलं, "अण्णा, सांध्याचं कुठवर आलं?"

बाईंनी फुंकणी तोंडातून काढली नाही. अण्णांनी मान वर करून हासळीकडे बघितलं.

"अजून कच्चा आहे," ते म्हणाले. "घाई करू नका."

मी तसं लिहून घेतलं.